घरगुती प्रशीतकातील विद्युत भागांची तपासणी व बदल

घरगुती प्रशीतकातील विद्युत भागांची तपासणी व बदल म्हणजे घरी वापरल्या जाणाऱ्या प्रशीतकाच्या, अर्थात फ्रिजच्या, विद्युत मंडलातील बिघाड शोधणे, सदोष भाग नेमका ओळखणे आणि त्याच्या जागी योग्य मानांकनाचा नवा भाग बसवणे होय. बंद पडलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर निकामी झाला असावा असा तर्क सर्रास केला जातो. प्रत्यक्षात रिले, अतिभार संरक्षक, थर्मोस्टॅट, दाराचा स्विच किंवा सैल झालेली जोडणी यांपैकी एखादा लहान भागही त्यास कारणीभूत असू शकतो. असा भाग काही शे रुपयांत बदलता येतो, तर कॉम्प्रेसर बदलण्यास काही हजार रुपये लागतात. त्यामुळे दोषनिदान क्रमाने करण्यास आर्थिक महत्त्व आहे. विजेचा धक्का आणि ज्वलनशील वायू यांच्यामुळे सुरक्षिततेचे महत्त्व त्याहून अधिक आहे.

उन्हाळ्यात तीव्र उष्णता असणाऱ्या आणि ग्रामीण भागात विद्युत दाब कमी-जास्त होणाऱ्या खानदेशासारख्या प्रदेशात या भागांवर विशेष ताण येतो. धुळे जिल्ह्यातील नरडाणा परिसराच्या अनुषंगाने या परिस्थितीचा विचार खाली स्वतंत्रपणे केला आहे.

पार्श्वभूमी

विजेवर चालणारे घरगुती प्रशीतक विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ या प्रतिमानामुळे चलित्र आणि संपीडक एकाच बंद पोलादी कवचात ठेवण्याची पद्धत लोकप्रिय झाली. आजच्या फ्रिजच्या मागे खालच्या बाजूस दिसणारा काळा, घुमटाकार कॉम्प्रेसर हा त्याच पद्धतीचा आहे. भारतात मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये स्वदेशी बनावटीचा फ्रिज बाजारात आणला. पुढे महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील शिरवळ आणि पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फ्रिजनिर्मितीचे मोठे कारखाने उभे राहिले.

जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा वायू वापरला जाई. ओझोन थरास हानिकारक असल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला. आर-१२ ची जागा प्रथम आर-१३४ए या वायूने आणि नंतर मोठ्या प्रमाणात आर-६००ए म्हणजेच आयसोब्युटेन या वायूने घेतली. आयसोब्युटेन ज्वलनशील असल्यामुळे विद्युत भागांच्या दुरुस्तीशी या बदलाचा थेट संबंध आहे.

विद्युत मंडलाची रचना

फ्रिजचे कार्य दोन परस्परसंबंधित यंत्रणांवर चालते. पहिली यंत्रणा वायूच्या बंदिस्त चक्राची असते. तिच्यात संपीडक, संघनक, गाळणी, केशनलिका आणि बाष्पित्र यांचा समावेश होतो. दुसरी यंत्रणा विद्युत मंडलाची. चलित्राच्या गुंडाळ्या वगळता या मंडलाचे बहुतेक सर्व भाग वायुचक्राच्या बाहेर असतात. त्यामुळे वायू बाहेर न काढता ते बदलता येतात.

एक दाराच्या, हाताने बर्फ वितळवाव्या लागणाऱ्या फ्रिजमध्ये पुढील प्रमुख विद्युत भाग असतात :

- पुरवठ्याची तार व तीन पिनांचा प्लग : भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. उपकरणाच्या लवचिक तारेत तपकिरी रंगाची तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी भूसंपर्काची असते.
- थर्मोस्टॅट : बाष्पित्राला टेकवलेल्या बारीक नळीतील द्रव्याच्या दाबावर चालणारा हा स्विच ठरावीक तापमानाला कॉम्प्रेसर बंद व चालू करतो. त्याच्या गुंडीच्या मध्यभागी असलेले बटण दाबल्यास बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो आणि नंतर आपोआप सुरू होतो.
- रिले : चलित्र सुरू होताना आरंभ गुंडाळीला काही क्षण प्रवाह देऊन नंतर तो तोडण्याचे काम रिले करतो.
- अतिभार संरक्षक : दुरुस्तीच्या व्यवहारात त्यास ‘ओव्हरलोड’ म्हणतात. प्रवाह किंवा कॉम्प्रेसरच्या कवचाचे तापमान वाढल्यास त्यातील द्विधातू चकती वाकून मंडल तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते.
- कॉम्प्रेसरचे चलित्र : त्यात चालू गुंडाळी आणि आरंभ गुंडाळी अशा दोन गुंडाळ्या असतात.
- दिवा व दाराचा स्विच.
- कपॅसिटर : काही प्रतिमानांमध्ये चालू स्थितीतील कार्यक्षमता वाढवण्यासाठी सुमारे ४ ते ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेला असतो.

बर्फ न साठणाऱ्या, म्हणजेच फ्रॉस्ट-फ्री, फ्रिजमध्ये यांशिवाय थंड हवा फिरवणारा पंखा, बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा टायमर किंवा नियंत्रक मंडलपट्ट, द्विधातू थर्मोस्टॅट आणि औष्णिक फ्यूज हे भाग असतात. इन्व्हर्टर प्रकारात नेहमीचा रिले नसतो. तेथे इलेक्ट्रॉनिक मंडलपट्ट चलित्राचा वेग नियंत्रित करतो.

रिलेचे प्रकार

रिलेचे दोन प्रकार आढळतात. जुन्या विद्युतप्रवाही रिलेमध्ये चालू गुंडाळीच्या मालिकेत एक वेटोळे असते. सुरुवातीच्या मोठ्या प्रवाहाने ते दट्ट्या वर उचलते व आरंभ गुंडाळी जोडली जाते. प्रवाह घटला की दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्यामुळे हा रिले त्यावर दाखवलेल्या दिशेनेच उभा बसवावा लागतो. आडवा किंवा उलटा बसवल्यास तो नीट काम करत नाही.

आता अधिक प्रचलित असलेल्या पीटीसी रिलेमध्ये बेरियम टायटनेटवर आधारित सिरॅमिक चकती असते. थंड स्थितीत तिचा रोध काही दहा ओहम किंवा त्याहून कमी असतो. प्रवाह वाहताच ती तापते आणि सेकंदाच्या आसपास तिचा रोध काही हजार ओहमपर्यंत वाढून आरंभ गुंडाळीचा प्रवाह जवळजवळ थांबतो. चकती पुन्हा थंड होण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज आली तर कॉम्प्रेसर सुरू होत नाही. हा बिघाड नसून रिलेचा गुणधर्म आहे.

सुरक्षितता

तपासणीपूर्वी फ्रिजचा प्लग सॉकेटमधून काढणे आवश्यक असते. केवळ भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही. बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसवलेले असल्यास बटण बंद असतानाही फेजचा दाब फ्रिजपर्यंत पोहोचतो.

कपॅसिटर असलेल्या फ्रिजमध्ये प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक असू शकतो. तो रोधकाच्या साहाय्याने उतरवला जातो. इन्व्हर्टर प्रकाराच्या मंडलपट्टात २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबापासून सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. त्यामुळे प्लग काढल्यावर काही मिनिटे थांबून, दाब शून्यावर आल्याची खात्री केल्याशिवाय पट्टास हात लावणे धोक्याचे ठरते.

आर-६००ए वायू असलेल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर ज्वालेचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण आणि पाटीवर वायूचे नाव असते. घरगुती फ्रिजमध्ये या वायूचे प्रमाण १५० ग्रॅमपर्यंत मर्यादित असते. तथापि हवेत आकारमानाने सुमारे १.८ टक्के इतके प्रमाण झाले तरी तो पेट घेऊ शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका कॉम्प्रेसर आणि रिले असतात तेथेच. गळतीची शंका असल्यास दारे-खिडक्या उघडणे, ज्योत न पेटवणे आणि खोलीतील कोणतेही बटण चालू-बंद न करणे ही किमान दक्षता होय. अशा फ्रिजमध्ये ठिणगी पाडणारा उघड्या संपर्कांचा रिले बसवू नये. निर्मात्याने नेमलेला बंदिस्त प्रकारच वापरावा. वायुचक्राच्या नळ्या कापणे किंवा झाळणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम आहे.

भूसंपर्क नसलेल्या फ्रिजच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही किरकोळ बाब नव्हे. भूसंपर्काची तार न्यूट्रलला किंवा पाण्याच्या नळाला जोडण्याची पद्धत जीवघेणी ठरू शकते. ३० मिलिअँपियर क्षमतेचा गळतीप्रवाह विच्छेदक बसवल्यास धोका बराच कमी होतो, मात्र तो भूसंपर्काला पर्याय नाही.

आवश्यक साधने

साध्या तपासणीसाठी बहुमापक म्हणजे मल्टिमीटर, विद्युतरोधक मुठीचे स्क्रू-ड्रायव्हर, पकड आणि टॉर्च पुरेशी असतात. प्रवाह मोजण्यासाठी चिमटा-मापक उपयोगी पडतो. गुंडाळीचे निरोधन तपासण्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरतात. केवळ निऑन दिव्याच्या टेस्टरवर विसंबणे योग्य नाही, कारण अत्यल्प गळतीप्रवाहानेही तो उजळतो आणि दाब किती आहे हे त्यावरून कळत नाही. मालिकेत जोडलेल्या दिव्याने तपासण्याची जुनी पद्धत साध्या मंडलात चालत असली, तरी इलेक्ट्रॉनिक मंडलपट्ट असलेल्या फ्रिजमध्ये ती टाळली जाते.

दोषनिदानाचा क्रम

दोषनिदान पुरवठ्यापासून कॉम्प्रेसरपर्यंत क्रमाने केले जाते. सोपा व स्वस्त भाग आधी आणि अवघड व महाग भाग शेवटी, हे त्यामागील सूत्र आहे.

१. पुरवठा

प्रथम सॉकेटमधील दाब मोजला जातो. तो फ्रिज सुरू होण्याच्या क्षणीही मोजणे आवश्यक असते. मोकळ्या स्थितीत २१० व्होल्ट दिसणारा दाब कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम कोसळत असल्यास तारेची जाडी, सैल जोडणी किंवा झिजलेला सॉकेट यांत दोष असतो. प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या किंवा गरम लागत असल्यास सॉकेट व प्लग दोन्ही बदलले जातात.

सामान्यतः एक दाराच्या फ्रिजमधील दिवा थर्मोस्टॅटच्या आधीच्या जोडणीवर असतो. त्यामुळे दार उघडल्यावर दिवा लागत असेल, पण कॉम्प्रेसर मुका असेल, तर वीज फ्रिजपर्यंत पोहोचली आहे आणि दोष थर्मोस्टॅट, अतिभार संरक्षक, रिले किंवा गुंडाळी यांपैकी कोठेतरी आहे, असा निष्कर्ष निघतो. दिवाही लागत नसल्यास आधी पुरवठा पाहावा आणि मग दिवा व दाराचा स्विच. ठरावीक अंतराने दिवा क्षणभर मंदावत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करत असून त्यात अपयशी ठरत आहे, असे समजते.

२. थर्मोस्टॅट

प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन्ही तारा सोडवल्या जातात. फ्रिज आतून उबदार असताना आणि गुंडी चालू स्थितीत असताना त्याच्या संपर्कांमधील रोध शून्याजवळ असावा. तो अनंत असल्यास थर्मोस्टॅट निकामी असतो. तपासणीआधी बर्फ वितळवण्याचे बटण दबलेले राहिले नसल्याची खात्री करावी, कारण त्या स्थितीत चांगला थर्मोस्टॅटही मंडल तोडलेलेच दाखवतो. याउलट संपर्क चिकटून बसल्यास कॉम्प्रेसर कधीच थांबत नाही आणि खालच्या कप्प्यातील भाजीपालाही गोठू लागतो.

३. अतिभार संरक्षक व रिले

हे दोन्ही भाग कॉम्प्रेसरच्या बाजूस प्लास्टिकच्या झाकणाखाली असतात. थंड स्थितीत अतिभार संरक्षकातून सातत्य मिळाले पाहिजे. तो नुकताच तुटला असल्यास थंड होण्यासाठी वेळ द्यावा लागतो.

पीटीसी रिले पिनांवरून सरळ ओढून काढला जातो. हलवल्यावर आत खुळखुळ आवाज येणे किंवा जळका वास येणे हे चकती फुटल्याचे लक्षण होय. चकतीचे मंडल तुटलेले असल्यास कॉम्प्रेसर गुणगुणतो, सुरू होत नाही आणि काही सेकंदांत संरक्षक ‘टक्’ असा आवाज करून मंडल तोडतो. काही मिनिटांनी तेच चक्र पुन्हा घडते.

४. कॉम्प्रेसरच्या गुंडाळ्या

रिले व संरक्षक काढल्यावर कॉम्प्रेसरच्या तीन पिना उघड्या होतात. त्या सामाईक, आरंभ आणि चालू अशा असतात. पिना ओळखण्यासाठी त्यांच्या तिन्ही जोड्यांमधील रोध मोजला जातो. सर्वाधिक रोध ज्या दोन पिनांमध्ये येतो, त्या सोडून उरलेली तिसरी पिन सामाईक होय. सामाईक पिनेपासून कमी रोध दाखवणारी पिन चालू गुंडाळीची व जास्त रोध दाखवणारी आरंभ गुंडाळीची असते.

उदाहरणार्थ, मोजमापे १४, २० आणि ३४ ओहम आल्यास चालू गुंडाळी १४ ओहमची आणि आरंभ गुंडाळी २० ओहमची ठरते. त्यांची बेरीज ३४ ओहम येते. ही बेरीज जुळणे हे दोन्ही गुंडाळ्या अखंड असल्याचे चिन्ह आहे. प्रत्यक्ष आकडे कॉम्प्रेसरच्या क्षमतेनुसार बदलतात. एखाद्या जोडीत रोध अनंत आल्यास गुंडाळी तुटलेली असते आणि निर्मात्याच्या आकड्यापेक्षा तो बराच कमी आल्यास वेढे आपसात जोडले गेलेले असतात.

यानंतर प्रत्येक पिन आणि कॉम्प्रेसरचे कवच यांमधील निरोधन तपासले जाते. त्यासाठी कवचावरील रंग थोडा खरवडून धातू उघडा करावा लागतो. मेगरवर हा रोध सामान्यतः २ मेगओहमपेक्षा जास्त असावा. वायुचक्र निर्वात केलेले असताना मेगर लावू नये, कारण निर्वात स्थितीत पिनांदरम्यान विद्युत विसर्जन होऊन गुंडाळी खराब होऊ शकते.

गुंडाळ्यांचे आकडे व निरोधन दोन्ही योग्य असतील, तर कॉम्प्रेसर बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी रिले आणि संरक्षक नवे लावून पाहावेत. तरीही चलित्र फिरले नाही, तर आतील यांत्रिक भाग अडकला असण्याची शक्यता विचारात घेतली जाते.

५. फ्रॉस्ट-फ्री प्रकारातील विशेष तपासणी

वरचा कप्पा थंड, पण खालचा कप्पा गरम आणि बाष्पित्रापुढील पडद्यावर बर्फाचा थर, ही लक्षणे बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेतील दोष दाखवतात. बर्फामुळे हवेचा मार्ग बंद होतो आणि थंड हवा खाली उतरत नाही. दार उघडे ठेवून फ्रिज एक दिवस बंद ठेवल्यावर तो काही दिवस नीट चालत असेल, तर या निदानाला पुष्टी मिळते.

हीटरचा अपेक्षित रोध त्याच्या पाटीवरील शक्तीवरून काढता येतो. दाबाच्या वर्गाला शक्तीने भागल्यास रोध मिळतो. २३० व्होल्ट, १५० वॅटच्या हीटरसाठी तो सुमारे ३५३ ओहम येतो. द्विधातू थर्मोस्टॅट गोठणबिंदूखाली थंड असतानाच तपासावा लागतो, कारण खोलीच्या तापमानाला त्याचे संपर्क उघडेच असतात. औष्णिक फ्यूज एकदाच वापरायचा भाग आहे. तो वितळल्यास त्याच मानांकनाचा नवा बसवावा आणि हीटर अतितप्त होण्याचे मूळ कारणही शोधावे. फ्यूज वगळून तारा थेट जोडल्यास आतील प्लास्टिकला आग लागू शकते.

यांत्रिक टायमर साधारणतः कॉम्प्रेसर ८ ते १२ तास चालल्यावर २० ते ३० मिनिटे हीटरला वीज देतो. त्यावरील खाच स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच पुढे फिरवल्यास ‘टक्’ आवाजानंतर कॉम्प्रेसर थांबून हीटरचे मंडल जोडले जाते. अशा रीतीने हाताने पुढे नेल्यावर यंत्रणा चालते, पण आपोआप कधीच पुढे सरकत नाही, असे आढळल्यास टायमरचे छोटे चलित्र निकामी असते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या फ्रिजमध्ये तापमान मोजण्यासाठी थर्मिस्टर असतो. थंडाव्याबरोबर त्याचा रोध वाढतो. वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर हा रोध २५ °से. तापमानाच्या रोधाच्या साधारण तिप्पट होतो. तो बदलतच नसल्यास थर्मिस्टर सदोष समजावा.

६. इन्व्हर्टर प्रकार

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांमधील रोध परस्परांशी जवळजवळ समान असतो. वर दिलेला बेरजेचा नियम येथे लागू होत नाही. अशा कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्टचा पुरवठा जोडल्यास तो कायमचा निकामी होतो. मंडलपट्टावरील दिव्याच्या उघडझापीची संख्या दोषाचा संकेत देते आणि तिचा अर्थ संबंधित प्रतिमानाच्या सेवापुस्तिकेत दिलेला असतो.

लक्षणे आणि संभाव्य कारणे

- दिवा नाही, आवाज नाही : पुरवठा, फ्यूज, प्लग किंवा तार.
- दिवा लागतो, आवाज नाही : थर्मोस्टॅट, अतिभार संरक्षक, सैल जोडणी किंवा तुटलेली गुंडाळी.
- गुणगुण आणि काही सेकंदांत ‘टक्’ : कमी दाब, रिले, कपॅसिटर, अडकलेला कॉम्प्रेसर किंवा वीज लगेच परत येणे.
- कॉम्प्रेसर अखंड चालतो, अतिशीत होते : थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटणे किंवा सदोष थर्मिस्टर.
- कॉम्प्रेसर अखंड चालतो, थंडावा नाही : वायूची गळती, तुंबलेली केशनलिका किंवा दमलेला संपीडक. हे दोष विद्युत स्वरूपाचे नाहीत.
- दार लावल्यावरही आतील बाजू उबदार, विशेषतः दिव्याजवळ : दाराचा स्विच चिकटून दिवा अखंड जळणे.
- पत्र्याला झिणझिण्या : भूसंपर्काचा अभाव आणि निरोधनातील गळती.
- चालू होताच घरातील विच्छेदक पडणे : गुंडाळीचा किंवा हीटरचा कवचाशी संपर्क.

भाग बदलण्याची पद्धत

जुना भाग काढण्यापूर्वी तारांचे रंग व स्थाने यांचे छायाचित्र घेणे किंवा रेखाचित्र काढणे हितावह असते. फ्रिजच्या मागील पाटीवर किंवा कागदी चिकटपत्रावर विद्युत आकृती छापलेली असते. नवा भाग निवडताना केवळ आकार जुळणे पुरेसे नाही. अतिभार संरक्षक हा कॉम्प्रेसरच्या प्रवाहाशी व तापमानमर्यादेशी जुळणारा असावा लागतो. मोठ्या क्षमतेचा संरक्षक लावल्यास तो वेळेवर तुटत नाही आणि गुंडाळी जळते. लहान क्षमतेचा लावल्यास चांगला कॉम्प्रेसरही वारंवार बंद पडतो. त्यामुळे रिले व संरक्षक कॉम्प्रेसरच्या प्रतिमान क्रमांकावरून घेतले जातात आणि शक्यतो जोडीनेच बदलले जातात.

थर्मोस्टॅट बदलताना त्याच्या नळीचे टोक पूर्वीच्याच ठिकाणी आणि तितक्याच लांबीने बाष्पित्राला घट्ट टेकवावे लागते. नळीला तीव्र बाक दिल्यास ती चिमटून भाग निकामी होतो. टोक नीट न टेकल्यास फ्रिज गरजेपेक्षा जास्त वेळ चालतो.

तारांची टोके पिळून त्यांवर फक्त चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी दाबून बसवलेले जोडक वापरले जातात. कॉम्प्रेसरच्या कंपनांमुळे पिळलेली जोडणी सैल होते, तापते आणि पुन्हा बिघाड घडवते. काम पूर्ण झाल्यावर झाकण, तारेची पकड आणि भूसंपर्काचा स्क्रू पूर्ववत बसवून मगच वीज दिली जाते. त्यानंतर सुरू होतानाचा व चालू स्थितीतील प्रवाह मोजतात. आरंभी काही अँपियरपर्यंत गेलेला प्रवाह क्षणार्धात उतरून पाटीवरील आकड्याच्या आसपास किंवा खाली स्थिरावला पाहिजे. तो चढाच राहिल्यास फ्रिज लगेच बंद करून तपासणी पुन्हा करावी लागते.

खानदेशातील परिस्थिती

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव मुंबई–आग्रा महामार्गावर, धुळे व शिरपूर यांच्या दरम्यान वसलेले असून सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. गावाजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. हा परिसर पर्जन्यछायेत येतो. परिसरात मराठीबरोबरच अहिराणी बोलली जाते. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४२ ते ४५ °से. पर्यंत जाते. जळगाव-भुसावळच्या बाजूस ते कधी कधी त्याहूनही वर जाते.

उष्णता

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार उष्ण कटिबंधासाठी बनवलेल्या, ‘टी’ वर्गाच्या, फ्रिजची रचना ४३ °से. पर्यंतच्या परिसर-तापमानासाठी असते. खानदेशातील उन्हाळ्यात, विशेषतः पत्र्याच्या किंवा थेट उन्हाने तापणाऱ्या स्लॅबच्या घरात, ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. संघनक उष्णता बाहेर टाकू शकला नाही की वायूचा दाब वाढतो, चलित्र जास्त प्रवाह घेते आणि अतिभार संरक्षक दुपारच्या वेळी वारंवार तुटतो. संध्याकाळी तोच फ्रिज नीट चालतो. अशा वेळी भाग बदलण्याआधी फ्रिज भिंतीपासून पुढे घेणे, मागील जाळीवरील धूळ साफ करणे आणि त्यावर ऊन येणार नाही असे पाहणे हा पहिला उपाय ठरतो. फ्रिजवर व त्याच्या बाजूंवर जाड आच्छादन घातल्यासही उष्णता कोंडते. अनेक नव्या प्रतिमानांत संघनकाच्या नळ्या बाजूच्या पत्र्याखालीच असतात.

विद्युत दाब

चलित्राचा आरंभीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास हा जोर सुमारे ६१ टक्क्यांवर येतो आणि कॉम्प्रेसर अडखळतो. ग्रामीण भागात रोहित्राचे, म्हणजे बोलीतील ‘डीपी’चे, अंतर जास्त असणे आणि त्यावर भार अधिक असणे ही कमी दाबाची नेहमीची कारणे आहेत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. वीज परत येताच परिसरातील सर्व उपकरणे एकदम सुरू होऊन दाब आणखी खाली जातो. त्याच वेळी वायुचक्रातील दोन्ही बाजूंचे दाब समान झालेले नसतील आणि पीटीसी चकतीही तापलेलीच असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होत नाही. म्हणूनच वीज आल्यावर सुमारे तीन मिनिटांनी पुरवठा देणारा, विलंब सुविधा असलेला स्टॅबिलायझर येथे उपयुक्त ठरतो. स्टॅबिलायझर नसल्यास वीज जाताच प्लग काढून ठेवणे आणि वीज स्थिर झाल्यावर काही मिनिटांनी लावणे हा बिनखर्चाचा पर्याय आहे.

रोहित्राकडील न्यूट्रल तार तुटल्यास उलट संकट ओढवते. त्या स्थितीत काही घरांतील दाब दोन फेजमधील सुमारे ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो, तर काही घरांत दिवे मंदावतात. एकाच वेळी घरातील काही दिवे अतिशय प्रखर झाल्यास मुख्य स्विच तत्काळ बंद करून महावितरणला कळवणे आवश्यक असते. या एका घटनेत इन्व्हर्टर फ्रिजचा मंडलपट्ट जळू शकतो.

भूसंपर्क

कोरड्या जमिनीचा विद्युत रोध जास्त असतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पावसाळ्यात समाधानकारक असणारा भूसंपर्क मे महिन्यात निष्प्रभ झालेला असू शकतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालणे आणि उन्हाळ्यापूर्वी तो तपासून घेणे इष्ट असते.

बंद काळातील अन्न व औषधे

दुरुस्तीच्या काळात दार बंद ठेवल्यास खालच्या कप्प्यातील अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. तीव्र उन्हाळ्यात हा अवधी कमी धरणे योग्य. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ °से. तापमानात साठवायचे असते, त्यामुळे मधुमेही रुग्णांच्या घरी फ्रिज बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. अशा वेळी औषध शेजाऱ्यांच्या अथवा औषध दुकानाच्या फ्रिजमध्ये हलवले जाते. ते शक्य नसल्यास ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात कोरड्या डब्यात ठेवल्यास उष्णतेपासून तात्पुरते संरक्षण मिळते. बर्फाला थेट टेकवल्यास इन्सुलिन गोठून निरुपयोगी होते.

व्यवसाय आणि नियम

या क्षेत्रातील औपचारिक प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिकी या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून दिले जाते. त्याखेरीज अनेक कारागीर अनुभवी मेकॅनिकच्या हाताखाली काम करून तयार होतात. आर-६००ए सारख्या ज्वलनशील वायूंच्या प्रसारानंतर जुन्या पद्धतीने शिकलेल्या कारागिरांच्या पुनर्प्रशिक्षणाची गरज वाढली आहे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर फ्रिजच्या निवडीत वीजवापराचा विचार वाढला. सदोष थर्मोस्टॅट किंवा झिजलेली दाराची रबरी पट्टी यांमुळे पाच तारे असलेला फ्रिजही जास्त वीज खातो. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या संकल्पनेवर आधारित संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकांना उपलब्ध करून द्यावी हा त्यामागील हेतू आहे. हमीकाळात त्रयस्थाने फ्रिज उघडल्यास हमी नाकारली जाऊ शकते. त्यामुळे आधी हमीपत्रातील अटी पाहणे उचित ठरते. कॉम्प्रेसरची हमी इतर भागांपेक्षा दीर्घ मुदतीची असू शकते.

निकामी फ्रिज आणि त्याचे मंडलपट्ट ई-कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे जाणे अपेक्षित आहे. भंगारात देण्यासाठी नळ्या कापून वायू हवेत सोडणे पर्यावरणास हानिकारक असून आर-६००ए च्या बाबतीत आगीचा धोकाही निर्माण करते. टाकून दिलेल्या फ्रिजचे दार काढून ठेवण्याची काळजी घेतली जाते, कारण खेळताना लहान मूल आत अडकून गुदमरण्याची भीती असते.

हे सुद्धा पहा

- प्रशीतन
- थर्मोस्टॅट
- विद्युत चलित्र
- भूसंपर्कन
- माँट्रियल करार
- ई-कचरा
- नरडाणा
- खानदेश